मल्लू पेंटरचा चौथा कोपरा

मल्लिकार्जुन हे त्याचं नाव रेशनकार्डावर होतं आणि लग्नपत्रिकेत छापलं होतं, एवढंच. बाकी अख्खं लातूर त्याला मल्लू पेंटर म्हणायचं. कुणी पूर्ण नावानं हाक मारली तर तो मागं वळून बघायचाही नाही. आपल्यालाच बोलावून राहिलेत हे त्याच्या ध्यानातच यायचं नाही.

लातुरात क्लासचं पेव फुटलं तो काळ मल्लूचा. एसटीतून पोरं उतरायची, एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात गुंडाळलेली वळकटी, मागं चेहरा पाडून चाललेला बाप. फिजिक्सवाला, केमिस्ट्रीवाला, बायोलॉजीवाला, ज्याला त्याला एक खोली, एक फळा आणि एक पाटी लागायची. खोली कुठलीही चालायची, फळ्याला तडे गेले तरी भागायचं, पाटी मात्र मल्लू पेंटरचीच हवी. पाटीवर तो सही करत नसे. पण त्याची पाटी रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू यायची, कारण तिचे कोपरे गोल असायचे. पत्रा कात्रीनं गोल कापलेला, कानशीनं घासून गुळगुळीत केलेला, आणि आतून दोन रेघा, एक जाड, एक बारीक, त्याही प्रत्येक कोपऱ्याशी सावकाश वळलेल्या. दुसऱ्या पेंटरांनी नक्कल करून बघितली, पण वळणावर त्यांचा ब्रश लटपटायचा. एखादा चिकट मास्तर म्हणायचाच, "अहो पेंटर, चौकोनी ठेवा की, उगं पत्रा वाया." मल्लू मान डोलवायचा आणि कोपरे गोलच कापायचा. का, ते मात्र सांगायचा नाही.

न सांगण्याचं कारण भूकंपातलं होतं.

निलंगा तालुक्यात तेरणा नदीच्या अंगाला तगरवाडी म्हणून गाव, ते त्याचं. त्र्याण्णव साली गणपती बुडवून दमून झोपलेलं गाव पहाटे हललं आणि दगडमातीच्या रुंद भिंती माणसांच्या अंगावर आल्या. मल्लू, त्याची बायको गुरम्मा आणि तीन वर्षांची जया त्या दिवशी देवणीला, गुरम्माच्या माहेरी होती. घर राखायला म्हणून त्याची आई, नागुबाई, जिला घरात सगळे अव्वा म्हणत, तेवढी मागं राहिली होती. "तुमी जावा, मी हाय की घरला," असं म्हणून तिनंच त्यांना एसटीत बसवलं होतं. परत आल्यावर घर कुठलं हेही त्याला ओळखता येईना. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी ते दिवस बघितले त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी बघितले नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही.

गाव पत्र्याच्या शेडात राहायला गेलं. तिथं सरपंचांनी मल्लूला बोलावलं आणि म्हणाले, "मल्लू, गेलेल्यांची पाटी कर बाबा. नावं तरी राहू दे." मल्लूनं शेडातलाच एक कोरा पत्रा घेतला. पेंटरची रीत ठरलेली: आधी पत्रा, मग माप, मग रेघा, आणि सगळ्यात शेवटी अक्षरं. सरपंचांनी नावं सांगितली, त्या हिशेबानं त्यानं रेघा मारल्या. पण ढिगारे उपसणं चालूच होतं. रोज कुणीतरी येऊन पाटीपाशी उभं राहायचं आणि हळूच म्हणायचं, "आमचंबी एक हाय." मल्लू रेघा मोडून जागा काढायचा. दुसऱ्याचं आधी आणि घरचं मागून, असं त्याचं चाललं होतं. आईचं नाव लिहायला बसला तेव्हा पाटी भरली होती. उरला होता तो फक्त खालचा उजवा कोपरा. त्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्यानं लिहिलं: नागुबाई बसलिंगप्पा. शेवटचं अक्षर पत्र्याच्या अगदी टोकाला टेकलं. ज्या माणसानं मास्तरांची नावं हातभर अक्षरांत लिहिली, त्याला आईचं नाव डोळे बारीक करून वाचावं लागायचं. याची लाज त्याला जन्मभर वाटली.

पाटी शेडाबाहेर दोन वाशांना ठोकली होती, खाली, लेकरांच्या डोक्याच्या उंचीला. आठवडाही झाला नसेल, जया पळत आली आणि तोच खालचा कोपरा तिच्या भुवईत घुसला. डोळा थोडक्यात वाचला. मल्लू पत्रा कापायची कात्री घेऊन तावातावानं उठला. वरचे दोन कोपरे गोल कापले. खालचा डावा कापला. आणि चौथ्या कोपऱ्यापाशी, ज्यानं लेकराला फाडलं होतं त्याच कोपऱ्यापाशी, त्याचा हात थांबला. तो कोपरा कापला असता तर आईचं नाव कापलं गेलं असतं. तो तसाच कात्री धरून उभा राहिला. शेवटी गुरम्मानं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली आणि त्या टोकाला गाठ मारून बांधली.

पुढं मल्लू बायको-लेकीला घेऊन लातूरला राहायला आला, आणि सरकारनं नवी तगरवाडी वसवली, सरळ रस्ते, एकासारखी एक घरं. पाटीही तिकडं नेऊन समाजमंदिरासमोर लावली. चिंधी उन्हापावसानं विरायची, म्हणून गुरम्मा दर वर्षी भूकंपाच्या दिवशी जाऊन नवी बांधून यायची. आता गंमत बघा. बाहेरगावच्या बायकांनी ते बघितलं आणि हा काहीतरी नवसाचा पत्रा असणार असं ठरवून त्याही तिथं चिंध्या बांधायला लागल्या. एकीनं तर पोरगं पास व्हावं म्हणून नारळ फोडला. गुरम्मा हसायची, पण कुणाला हटकायची नाही. मल्लू मात्र तिथं जायचं टाळायचा. तीन कोपरे गोल आणि एक टोकदार, अशी पाटी हाताखालून गेलेला पेंटर पुढं आयुष्यभर चारी कोपरे गोल कापत सुटला, ते असं.

मग फ्लेक्स आलं. सकाळी फोटो द्या, दुपारी हत्तीएवढं फ्लेक्स टांगून घ्या. त्यात मास्तरांचे हसरे फोटो, मागं ढग, खाली रॉकेट, आणि कोपरे? कोपऱ्यांना भोकं पाडून सुतळी ओवलेली. मल्लूचं काम दोन-तीन वर्षांत आटलं. ज्या गल्लीत त्याच्या पाट्या होत्या तिथल्याच एका मेसमध्ये गुरम्मा पोळ्या लाटायला जाऊ लागली, आणि मल्लू घरी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, काढायचा, पुसायचा, परत बुडवायचा. नुसतं बसणारा माणूस घरात किती जागा खातो ते गुरम्माला विचारा.

जया तोवर नांदेडला शिकत होती. कॉम्प्युटरची पदवी झाली आणि वर्गातल्या साऱ्या पोरी पुण्याला पळाल्या, तेव्हा हिनं वजीराबादेत जिन्याखालची एक खोली भाड्यानं घेतली आणि वेबसाईट करून देण्याचा धंदा मांडला. बाप पाटी रंगवायला म्हणून नांदेडला आला. पाटी अर्धी झाली, "जया" एवढं लिहून झालं, आणि तो तिथंच रमला. जयानं त्याला माऊस धरायला शिकवला. तो ब्रश धरल्यासारखा, करंगळी टेकवून धरायचा. चित्रं काढायचा प्रोग्रॅम त्याला महिन्याभरात जमला. पहिल्यांदा पडद्यावर गोल कोपरा उमटला, जाड रेघ आणि आत बारीक रेघ, तेव्हा त्यानं फोन करून गुरम्माला सांगितलं, "अगं, हितंबी वळण निघून राहिलंय!"

"निघू दे की," गुरम्मा म्हणाली, "पण होस्टेलवाले इचारून राहिलेत. वॉचमनची जागा हाय. सोमवारपस्तोर हो का न्हाई ते सांगा म्हनले."

म्हणजे असं होतं. लातूरच्या एका होस्टेलच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायचं, की अजून पेंटर म्हणवून घ्यायचं, याचा निकाल लागायचा होता. आणि तो लागणार होता दुसऱ्याच एका निकालानं.

अनंतराव देवणीकर सर मल्लूचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या पहिल्या खोलीवरची पाटी मल्लूची होती. आता त्यांची तीन मजली इमारत झाली होती आणि त्यांना वेबसाईट हवी होती. पुण्याची एक कंपनी मागं लागली होती, तरी ओळखीखातर सरांनी जयाला एक पान दिलं. सीईटीचा निकाल लागला की त्या दिवशी चमकलेल्या पोरांची नावं पानावरच्या एका चौकटीत, जयाच्या भाषेत पेटीत, झळकली पाहिजेत. ते नीट झालं तर सगळी साईट यांची, नाहीतर पुण्याची.

"पेटीचे कोपरे मी करनार," मल्लूनं जाहीर केलं.

त्यानं चार कोपऱ्यांची चार चित्रं काढली, अशी देखणी की जयासुद्धा बघत राहिली. ती पेटीच्या चार टोकांना चिकटवायची होती. मल्लू म्हणाला, "आता पेटीचं माप सांग."

"अप्पा, माप कशाला? वेबचं पान म्हणजे पाटी नव्हं. मजकूर वाढला की ते खाली लांबतं."

"बिनमापाची पाटी असती व्हय कुठं?" मल्लू चिडला. "रेघा कशाच्या जीवावर मारायच्या?"

जयानं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि बापाच्या मनासारखं केलं. मल्लूनं गेल्या साली सरांनी लावलेलं फ्लेक्स आठवून नावं किती बसतील ते काढलं, वर चार ओळी ऐसपैस धरल्या आणि पेटीची उंची कायम करून टाकली.

निकालाच्या दिवशी दुपारी नावं यायला लागली. लातुरात पोराचं नुसतं नाव लिहून भागत नाही. बापाचं नाव लागतं, गाव लागतं, तालुका लागतो. औशाचा बाप येतो तो औशाचं कोण चमकलं हे बघायला, आणि आपल्या गावचं एक जरी नाव दिसलं की तिथंच पोराचा प्रवेश घेतो. सरांची पोरं त्या साली नको तितकी हुशार निघाली. जया नावं टाकत गेली, पानावर चढवत गेली. थोड्या वेळानं सरांचा फोन आला.

"पेंटर, हे काय केलंय? तुमच्या पेटीबाहेर पोरं उभी आहेत!"

दोघांनी पान उघडून बघितलं. खरंच होतं. खालचे दोन देखणे कोपरे नावांच्या मधोमध अडकले होते, एकीच्या आडनावावर तर बरोबर वळण बसलं होतं, आणि निम्मी नावं पेटी फोडून खाली पांढऱ्यावर सांडली होती.

"पाच वाजता पालकांची सभा आहे," सर म्हणाले. रागावले नव्हते, पण आवाजात ओळख उरली नव्हती. "मोठ्या पडद्यावर हेच पान लावायचं ठरवलं होतं. तोवर झालं तर बघा. नाही तर पुण्याच्या लोकांचं तयार आहे."

हे मल्लूनं आधी बघितलं होतं. माप आधी, नावं नंतर, आणि नावं वाढतच गेलेली. अठरा वर्षांनी तीच चूक त्यानं त्याच हातांनी पुन्हा केली होती. "मी कोपरे बारीक करतो," तो घाईनं म्हणाला, "रेघा जरा खाली सरकवतो..."

"नका करू, अप्पा." जया खाली बघून बोलत होती. "मी करते. एका ओळीचं काम आहे."

"कसली एक ओळ?"

"कोपरा गोल करायची. चित्र लागत नाही. बॉर्डर-रेडियस म्हणून लिहायचं आणि पुढं आकडा द्यायचा. ब्राउझर आपोआप चारी कोपरे गोल करतो. पेटी लांबली तर कोपरे तिच्याबरोबर खाली जातात."

मल्लूला आधी कळलंच नाही. मग कळलं. "ही ओळ तुला आधीपासून ठावं हुती?"

"होती."

"मग मला चार कोपरे काढत का बसवलंस?"

जयाच्या भुवईतला जुना व्रण लाल झाला होता. ती म्हणाली, "तुम्ही खुशीत होतात, अप्पा. लातूरला असं तुम्हाला बघितलं नव्हतं किती वर्षं."

"म्हंजी लेकराला खेळणं देऊन बसवत्यात तसं बसवलंस व्हय मला?"

एवढं बोलून तो बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. समोर वजीराबादेतली गर्दी, हॉर्न, भजीवाल्याची कढई. राग जयावर नव्हता, आणि खरं तर जयावरच होता. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला भीती वाटली. ज्या वळणासाठी त्यानं उमेदीची सगळी वर्षं घातली, मनगट झिजवलं, ते वळण आता कुणीही एक ओळ लिहून काढणार. मग पेंटरचं काय उरलं? होस्टेलचं फाटक त्याच्या डोळ्यांपुढं आलं, लाल रंगाचं, त्याच्या शेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची. त्यानं गुरम्माला फोन लावायला खिशातून मोबाईल काढला आणि हातातच धरून ठेवला.

आत जया एकटीच टकटक करत होती. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "अप्पा, एकदा नुसतं बघून जा."

जायचं नाही असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण पाटी झाली म्हटल्यावर बघायला न जाणारा पेंटर अजून जन्मायचा आहे. तो दारात उभा राहिला. सगळी नावं पेटीच्या आत होती, हे खरं. पण कोपरे इतके गोल, इतके गोल, की वरच्या ओळीतलं पहिलं नाव वळणाला जाऊन धडकलं होतं.

"अगं, ही काय पाटी हाय का तापाची गोळी?" तो ओरडला.

"मग किती देऊ?"

"कमी कर. अजून. न्हाई, हे लई झालं, पुन्हा टोचून राहिलं. थोडं वाढव. सरक, मला बसू दे."

तो बसला. आकडा कमी करायचा, बघायचं, वाढवायचा, लांब जाऊन डोळे मिचकावून बघायचं, असं त्याचं सुरू झालं. पहिले पाच-सहा आकडे त्याचेही चुकले. पेटीच्या आत प्रत्येक पोराची छोटी पेटी होती, तिलाही त्यानं बाहेरच्याइतकंच वळण दिलं, तर ते सुजल्यासारखं दिसायला लागलं. मग आतलं कमी केलं. मग दोन्ही जुळलं. ब्रश नव्हता, रंग नव्हता, पण किती वळवायचं आणि कुठं थांबायचं हे कुणीतरी ठरवावंच लागत होतं. ते ठरवताना मल्लू मघाची भीती विसरून गेला.

मधेच त्यानं विचारलं, "ह्यातला एखादाच कोपरा टोकदार ठिवता येतो का? बाकीचे तीन गोल?"

"येतो की. चारी कोपऱ्यांना चार वेगळे आकडे देता येतात. कशाला?"

"काई न्हाई," तो म्हणाला. "उगं इचारलं."

चार वाजून गेले असतील, सरांचा फोन आला. आवाज निवळला होता. "बसलं बरं का आता. फक्त एक नाव राहिलंय, तेवढं टाका. लिहून घ्या. कुमारी महानंदा शरणप्पा कोरे. गाव... पुनर्वसित तगरवाडी, तालुका निलंगा."

"कुठली?" मल्लूनं विचारलं.

"तगरवाडी. तुमच्याकडचंच गाव ना हो ते?"

शरणप्पाला मल्लू ओळखत होता. शरणप्पाच्या बापाचं नाव गावच्या पाटीवर वरून तिसऱ्या ओळीत होतं. ते मल्लूनंच लिहिलं होतं. मल्लूनं जयाला बाजूला सारलं आणि ते नाव स्वतः टंकलं, एकेक अक्षर शोधत, सगळ्यात शेवटी, सगळ्यात खाली. जिथं त्याच्या हाताला नेहमी जागा कमी पडत आली होती तिथं. बटण दाबलं. पेटी खाली सरकली, नाव पुरतं आत आलं, बाकीच्यांइतक्याच मोठ्या अक्षरात, आणि खालचा उजवा कोपरा त्याच्याभोवती सावकाश वळला.

मल्लू बराच वेळ त्या कोपऱ्याकडं बघत बसला.

पाचची सभा झाली. सरांचा पुन्हा फोन आला, तो तक्रारीचा वाटला. "पेंटर, सभागृहात झकास दिसलं, लोक उठून जवळ जाऊन आपापली गावं वाचत होते. पण माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कोपरे चौकोनीच दिसतायत!"

"तुमचा कॉम्प्युटर जुना असंल, सर," मल्लू म्हणाला. जयानं त्याला हे सांगून ठेवलं होतं. "जुन्याला ही ओळ कळत न्हाई. टोकदार दिसंल, पर नावं आतच राहतील. अन् तिथं काई लेकरं पळत न्हाईत, कुणाला लागायचं न्हाई."

सर हसले. त्यांना यातलं निम्मंच कळलं. "बरं. बाकीची साईट पण तुम्हीच करा. आणि ती खालची अक्षरं जरा..."

"करतो," मल्लू म्हणाला. अक्षरांना काय करायचं हे त्यानं ऐकूनही घेतलं नाही.

जया चहा सांगायला बाहेर गेली. मल्लूनं पान पुन्हा उघडलं. त्यातली नावं पुसली, कोरी पेटी तेवढी ठेवली, आणि टंकायला लागला. कुठं बघून लिहायची गरज नव्हती. तगरवाडीची पाटी त्याला वरपासून खालपर्यंत पाठ होती. एकेक नाव लिहिलं की पेटी तेवढी खाली सरकायची. कुठं रेघ मोडायला लागत नव्हती, कुणाचं अक्षर आवळायला लागत नव्हतं. जी नावं त्यानं तेव्हा बारीक करून कडेला कोंबली होती ती आता ओळीत आली. डोळ्यांतलं पाणी पुसायला तो मधे थांबायचा आणि परत लिहायला लागायचा. सगळ्यात शेवटी त्यानं लिहिलं: नागुबाई बसलिंगप्पा.

जया चहाचे कप घेऊन दारात आली. तिनं पडद्याकडं बघितलं. आजीचं नाव तिनं आजवर पाटीच्या टोकावर वाकून, चिंधी बाजूला सारून वाचलं होतं. ते असं मोठं, उभं राहून वाचता येण्यासारखं, पहिल्यांदाच दिसत होतं. तिचा हात आपोआप भुवईकडं गेला.

"अप्पा, ही नावं पानावर चढवायची का?"

"नको. ही पाटी गावात पाहिजे. नव्या पत्र्यावर." त्यानं चहाचा घोट घेतला. "माझं उलटं हुतं बघ सगळं. आधी पत्रा कापायचो, मग मानसं बसवायचो. आता आधी नावं लिहितो. ती जेवढी होतील तेवढा पत्रा आनू. कोपरे मागून कापू."

जया बापाच्या शेजारी येऊन बसली आणि त्याच्या खांद्याला खांदा टेकवला. मल्लूनं तिच्याकडं न बघता विचारलं, "तुझी पाटी अर्धीच हाय न्हवं बाहेर? उद्या पुरी करतो. खाली माजंबी नाव टाकू का?"

"टाका की. जागा कमी पडली तर पाटी वाढवू."

मग त्यानं गुरम्माला फोन लावला. मागं तव्याचा आवाज येत होता, मेसमध्ये पोरं जेवायला बसायची वेळ झाली होती.

"होस्टेलवाल्यास्नी न्हाई म्हनून सांग," तो म्हणाला.

"सांगते," गुरम्मा म्हणाली, जणू तिला ठाऊकच होतं. "अजून काय?"

"अन् यंदा चिंधी फाडू नको."

तव्याचा आवाज थांबला.

"चौथा कोपरा कापनार?" तिनं हळू विचारलं.

"हाव."

"अन् अव्वा?"

मल्लूनं पडद्याकडं बघितलं. "अव्वा आत हाय," तो म्हणाला. "अख्खी आत हाय."